नरसम्माची जागा

९ जानेवारी १९३४

टीकापाठ झाला. झाला कसला, उधळला.

विषय ज्वारी. म्हटलं, घरचंच आहे. करकंबच्या शेतात सारं लहानपण गेलं, ज्वारीवर बोलायला काय लागतंय? कुंभारीच्या वाटेवरच्या एका शेतकऱ्याकडून कणसासकट ताट मागून आणलं होतं. समोर सरावशाळेच्या पहिलीतल्या मुली. मागच्या बाकांवर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या जणी टीका टिपायला वह्या उघडून, आणि खुर्चीवर मोठ्या बाई. आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्य. ताट वर धरून विचारलं, "हे काय आहे?"

कुणी तोंड उघडायच्या आत दुसऱ्या रांगेतली नरसम्मा उभी. "जोन्नलु! बाई, जोन्नलु!"

पूर्वेकडच्या पेठेतल्या तेलुगू विणकराची पोर. वय सात असेल-नसेल. आवाज भोंग्याचा. वर्गाला ज्वारीचा तो तेलुगू शब्द असा काही आवडला की सगळ्याच सुरू झाल्या, जोन्नलु, जोन्नलु, बाकं वाजवून. मी दोनदा "शांत बसा" म्हटलं. मग माझं मला कळलं नाही, तोंडातून गेलं, "गप बसा की! काय चाललंय हितं?"

तेव्हा मागचे बाकही हसले.

टीकेत एक जण उठून म्हणाली, "बाईंचा विषय शेतातला होता, तशी भाषाही शेतातलीच होती." मोठ्या बाई हसल्या नाहीत. "वर्गावर ताबा नाही. भाषा सुधारा, चंद्रभागाबाई. परीक्षेच्या पाठात हे चालायचं नाही."

कान अजून तापलेत.

१२ जानेवारी

खोलीत माझ्याबरोबर वत्सला आहे. बार्शीची. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, भावानं शिकायला पाठवली. तिचं बोलणं पुस्तकासारखं. रोज दुपारी मला समोर बसवून म्हणून घेते. आहे. नाही. इथं. तिथं. खूप. मी म्हणते. मधेच ‘लई’ निघतं आणि ती डोळे मिटते. रागानं नाही. पण म्हणाली, "तुझं ते ‘हितं’ ऐकलं की मला आमच्या भांडीवालीची आठवण येते गं." तिला वाटलं, मला हसू येईल. मीही हसले.

आज दादा बाजाराला म्हणून आला होता. फाटकातच उभा राहून बोलला. "नवऱ्यानं टाकली ती टाकली. आता सरकारनं टाकली तर गुमान घरी ये. भांडी घासायला तितं बी हायेत."

पाठात नापास तर दाखला नाही. दाखला नाही तर नोकरी नाही. नोकरी नाही तर दादाच्या घरची भांडी. आप्पांनी गावाचं ऐकून न घेता मला शिकवली, त्यांना मग कुठं तोंड…

वहीत तरी आपलं आपण बोलतो तसं लिहावं म्हणते, तर इथंही ‘इथं’ लिहिते.

१४ जानेवारी, संक्रांत

मोठ्या बाई सगळ्यांना गड्ड्याच्या जत्रेला घेऊन गेल्या. दोघी-दोघींची रांग. नंदीध्वजाच्या काठ्या पाहिल्या, मान दुखेपर्यंत. परतताना तळ्याच्या कडेला मागून कुणीतरी पदर ओढला. नरसम्मा. तिच्यामागं तिची आजी, दात नसलेली, हात जोडून, "पंतुलम्मा! पंतुलम्मा!"

"म्हंजे बाई," नरसम्मानं सगळ्यांना समजावून सांगितलं.

आजीचं मराठी तुटकं. "पोरगी घरी मागाजवळ शाळा करते. भावाला मारते. तुमच्यावानी." आणि खळखळून हसली. मी कधी कुणाला मारलं नाही. पण रांगेतल्या सगळ्या जणी हसल्या, मला त्यांचं हसू तेवढं ऐकू आलं.

नरसम्मानं मूठ उघडून माझ्या हातात एक रेवडी ठेवली. घामानं चिकट झालेली. "बाई, खा." सगळ्या बघत होत्या. मी "हो, हो" म्हणत रांगेबरोबर पुढं निघाले आणि दोन पावलांवर ती वाळूत टाकली. मागं वळून पाहिलं नाही. तिनं पाहिलं की काय, माहीत नाही.

२३ जानेवारी

आज मोठ्या बाईंची फेरी. माझ्या सरावाच्या तासाला आल्या आणि नेमकं नरसम्माला उभं केलं. तिच्यावर त्यांचा फार लोभ. तिला आई नाही. बाप म्हणायचा, पोरगी शाळेत गेली तर मागासाठी सुताच्या कांड्या कोण भरणार? मोठ्या बाई स्वतः पेठेत चार खेपा घालून तिला घेऊन आल्या, असं सगळ्या सांगतात.

"घरी कोण कोण आहे, सांग बघू?"

"अव्वा हाय. नायना हाय. तम्मुडु हाय." आजी, बाप, धाकटा भाऊ.

"हाय नाही, आहे म्हणावं. हाय कुणी शिकवलं तुला?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. छाती काढून. "बाईनी."

या वेळी मोठ्या बाईंनाही हसू आलं. माझ्याकडं पाहिलं तेव्हा ते ओठावर नव्हतं.

पोर माझं बोलणं जसंच्या तसं उचलते. कुणाच्या घरी पोपट असतो, माझ्या वर्गात ही.

३० जानेवारी

संमेलन. सकाळी लेझीम, मग शिवणकामाचं आणि मातीच्या नमुन्यांचं प्रदर्शन, संध्याकाळी नाटुकलं. मला मोलकरणीचं काम. ‘तुला बोलायला वेगळं शिकावं लागणार नाही’ म्हणून. टाळ्या मला सगळ्यांत जास्त पडल्या. आमच्या पाठांना परीक्षक म्हणून येणार आहेत त्या शहरातल्या बाईही पाहुण्या म्हणून होत्या. पुढच्याच खुर्चीवर. आता माझा चेहरा त्यांच्या लक्षात राहिला.

रडले नाही. भांडी घासायची पाळी माझीच होती, ती घासली.

१३ फेब्रुवारी

परीक्षेचा पाठ शुक्रवारी. विषय ‘दिशा’. पहिलीचाच वर्ग. सकाळच्या उन्हात अंगणात घ्यायचा, सूर्याकडे तोंड करून. टाचण तीनदा लिहिलं. वत्सलानं तपासलं, एक अक्षर बदलायला लागलं नाही.

सराव म्हणून आज वर्ग अंगणात नेला. "सूर्य उगवतो ती दिशा कोणती?" म्हटलं. "तूर्पु!" आणि नरसम्मा रांग सोडून पळत माझ्याजवळ. मी पूर्वेला हात केला तर तिनंही केला, मी फिरले तर तीही फिरली. साऱ्या वर्गाची नजर तिच्यावर. मराठी शब्द तिला येतो. पण आधी हिचं हिचं येतं, मग आमचं.

वत्सला म्हणाली, "मागं बसव तिला."

मागं बसून ओरडेल. जास्तच ओरडेल.

१५ फेब्रुवारी

सांगितलं.

शाळा सुटताना नळाजवळ गाठली. एकटीच होती, पाटी धूत होती. "नरसू, उद्या शाळेला येऊ नकोस."

"का?"

"नको."

तिला कळेना. पाटी हातात, पाणी ठिबकतंय, तोंड वर करून बघत राहिली. मला भीती, कुणी येईल. म्हणून म्हटलं, "उद्या वद्दु. शाळा वद्दु. समजलं?"

वद्दु म्हणजे नको. मुलींच्या तोंडून ऐकून ऐकून मला ठाऊक झालेला. इतक्या दिवसांत तिच्या भाषेतला एवढाच शब्द मी तिच्याशी बोलले.

तिनं मान हलवली. पाटी पदराला पुसली… पदर कुठला, परकराला. गेली.

एका दिवसाचं तर आहे.

१६ फेब्रुवारी

पाठ उत्तम झाला. लिहायलाच हवं, उत्तम झाला. ऊन हवं तसं होतं. मुली पोपटासारख्या नाही, विचार करून बोलल्या. माझ्या तोंडून एकही वेडावाकडा शब्द गेला नाही. त्या परीक्षक बाई शेवटी म्हणाल्या, "संमेलनातली मोलकरीण ती तुम्हीच का? खरं वाटत नाही." मोठ्या बाईंच्या तोंडावर समाधान. वत्सलानं खोलीत मला मिठी मारली.

मला आनंद झाला. दिवसभर झाला. दुसऱ्या रांगेत एक जागा रिकामी होती, तिकडं मी पाहत नव्हते, म्हणजे ती कुठं आहे ते मला सारखं ठाऊक होतं.

२० फेब्रुवारी

नरसम्मा शनिवारी आली नाही. काल नाही, आज नाही. तिच्या शेजारच्या बालम्माला विचारलं.

"ती येनार नाय बाई. कांड्या भरते."

"बरं नाही का तिला?"

"बरं हाय की. तिचं नाव काढलं ना शाळेतनं."

कुणी काढलं, असं मी विचारलं नाही. बालम्मा मात्र माझ्याकडं बघत होती.

२५ फेब्रुवारी

रविवार. जाणार होते. सकाळी केस धुतले. मग म्हटलं, वाळल्यावर जाऊ. मग शिवणाचा तुकडा राहिला होता. मग ऊन झालं. मग एकटीनं कसं जायचं, परवानगी कुणाची घ्यायची, काय कारण सांगून. कारणं शोधायला लागलं की सापडतात.

१ मार्च

धुळवड. मुली राखेनं तोंडं माखून आल्या. त्यांना धुवायला नळाशी उभं केलं. हसत होत्या, किंचाळत होत्या. नळाजवळ माझ्यानं फार वेळ उभं राहवलं नाही.

३ मार्च

मोठ्या बाईंनी बोलावलं. पट समोर होता. "नरसम्मा पंधरा दिवस नाही. मी निरोप पाठवला तर बाप म्हणतो, शाळेनंच नको म्हटलं. काहीतरी घोटाळा आहे. तुमच्यावर तिचा जीव. तुम्हाला ठाऊक आहे काही?"

"नाही बाई."

एकदम निघालं. ‘नाही’. किती शुद्ध.

"मग उद्या तुम्हीच जाऊन या. तुमचं ती ऐकेल. वत्सलाबाईंना बरोबर न्या."

४ मार्च

गेलो.

बोळात शिरल्यापासून मागांचा खटका. नरसम्माचं घर म्हणजे एकच खोली, तिचा अर्धा भाग मागानं खाल्लेला. बाप मल्लय्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेला. हिरव्या लुगड्याचा काठ निघत होता. कोपऱ्यात रहाटाजवळ ती. कांड्या भरत. आम्ही उंबऱ्यात आलो तेव्हा एकदा मान वर केली, मग खाली घातली ती घातलीच. हात थांबले नाहीत.

आजीनं चटई टाकली. पाणी दिलं. वत्सला पाण्याला नुसता हात लावून बसली. मी प्याले.

मल्लय्यानं धोटा खाली ठेवला. "तुमी कशाला तरास घेतला बाई? आमी काय रागावलो नाय."

"तिला शाळेत पाठवा," मी म्हटलं.

"तुमीच सांगितलं ना, नको म्हनून?" त्याच्या बोलण्यात खरंच राग नव्हता. "आमी समजलो. पोरगी लई बोलते, डोकं नाय तिला. शिकलेल्या मानसाला कळते कोन शिकनार, कोन नाय. बरोबर केलं तुमी. उगा तिचे दिवस जात होते."

आजी मागून म्हणाली, "पंतुलम्मा वद्दन्नदि." बाईंनी नको म्हटलं. पोरीकडं हात करून तिनं खूण केली, त्या दिवशी घरी येऊन कशी बसली ते. गुडघ्यात डोकं घालून.

वत्सलानं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं. त्या क्षणीच कळलं, मला दिसलं.

मी म्हटलं, "एकच दिवस म्हटलं होतं मी. एकाच दिवसासाठी."

"असं? एक दिवस का बाई?"

साधं विचारलं त्यानं. समजून घ्यायला. रहाट फिरत होता. वर्गात जिचं तोंड मी बंद करू शकले नाही ती पोर एक अक्षर बोलली नाही.

५ मार्च

आज सकाळी वेणी घालताना वत्सला म्हणाली, "तिला मागं बसव असं मी सांगितलं होतं. घरी बसव असं नाही."

"बाईंना सांगशील?"

"मी कशाला सांगू? पण मी तुझ्याविषयी काय समजते ते मला विचारू नकोस."

मग थोड्या वेळानं, आरशाकडे तोंड करून, "तुझ्या तोंडून ते ‘हितं, तितं’ काढायला मीच बसले होते ना."

त्यावर मी काय बोलणार? काही बोलले असते तर तिच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. ढकलायचा मोह झाला, हेही लिहून ठेवते.

९ मार्च

मोठ्या बाईंना सांगितलं. उभ्यानंच. पाठाच्या आदल्या दिवशी नळाजवळ काय म्हटलं ते, आणि शनिवारी त्यांना ‘नाही’ म्हटलं तेही.

त्यांनी टेबलावरचा दौत-टाक नीट केला.

"ती मुलगी नीट बोलत नाही म्हणून तुम्ही तिला घालवलीत."

"होय बाई."

"तुमचा प्रवेश झाला तेव्हा समितीतल्या एकानं तुमच्याविषयी हेच म्हटलं होतं. ही बोलणार कशी, मुलींना शिकवणार काय. मी भांडले होते."

मला हे माहीत नव्हतं. आजवर त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी म्हणाल्या, "त्या पाठाचे गुण मी धरायला देणार नाही. परीक्षकांशी मी बोलेन. याच महिन्यात तोच पाठ पुन्हा द्या. त्याच वर्गाला. सगळा पट हजर पाहिजे."

"ती नाही आली तर?"

"तर निकाल राहील. जा."

बाहेर आल्यावर लक्षात आलं. आता मी तिला आणायला जाणार ते तिच्यासाठी, की माझ्या निकालासाठी? काल गेले असते तर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं.

११ मार्च

आप्पा आले. पाडव्याच्या खरेदीला. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी. कडुनिंबाखाली बसून मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना माझी भाषा आपोआप घरची झाली.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुला त्या पोरीची लाज वाटली व्हय?"

"व्हय."

"माझी वाटती का? मी असा आलो, फाटकात हुबा ऱ्हायलो म्हंजे?"

मी भाकरीच्या फडक्याची घडी घातली. आप्पांनी पुन्हा विचारलं नाही. उठले. "चल. कुटं ऱ्हातो तो साळी?"

मल्लय्याच्या घरी दोघे बाप चटईवर बसले. तंबाखूची देवघेव झाली. पावसाचं, सुताचं, ज्वारीच्या भावाचं बोलले. आप्पांनी माझी बाजू मांडली नाही की माफी मागितली नाही. निघताना एवढंच म्हणाले, "माझ्या पोरीनं चूक केली, पाव्हणं. ती येत जाईल हितं. येऊ द्या."

मल्लय्या म्हणाला, "येऊ द्या की. घर तुमचं हाय."

नरसम्मा आज रहाटाजवळही नव्हती. आम्ही आल्यावर मागच्या दारानं निघून गेली.

बोळातून बाहेर पडताना मी म्हटलं, "ती यायची न्हाय, आप्पा."

"तुला सासरहून आणायला मी तीनदा आलो हुतो," आप्पा म्हणाले. "पयल्या डावाला तू बी दाराआड जाऊन बसलीस. घालवून दिलेलं मानूस एका हाकंला येतंय व्हय?"

१९ मार्च

रोज पाचला जाते. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, कशासाठी ते विचारलं नाही. पहिल्या दिवशी चटईवर बसून आले. दुसऱ्या दिवशी आजीनं सुताची लड हातात दिली, धरून बस म्हणून. मी धरते, आजी गुंडाळते. नरसम्मा रहाटावर. माझ्याकडं पाठ.

आजीला मी शब्द विचारते. पाण्याला काय, सुताला काय, घराला काय. मी म्हटलं की आजी हसते, मल्लय्या मागावरून हसतो. आज माझ्या एका शब्दाला धाकटा भाऊही लोळून हसला. चेहरा तापला. बसून राहिले.

नरसम्मा हसली नाही.

२२ मार्च

आज आजी पाण्याला गेली होती, मल्लय्या सूत आणायला. आम्ही दोघीच. मी तिच्या पाठीशी बोलले.

"नरसू, तू ढ नाहीस. मी तुला येऊ नको म्हटलं कारण मोठ्या बाई येणार होत्या परीक्षेला. तू बोललीस तर लोक मला हसतील असं मला वाटलं. मी भ्याले."

रहाट थांबला.

"सोमवारी पुन्हा तोच पाठ आहे. तू आलीस तरच होणार. म्हणून मी येते असं तुला वाटेल. थोडं तसं आहेही. पण तू सोमवारनंतरही यावंस."

सात वर्षांच्या पोरीला यातलं काय कळलं असेल? निम्मं मराठी, निम्मं माझं मोडकं तेलुगू. तिनं वळून पाहिलं. माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं. लडीचा गुंता झाला होता. पुढं येऊन तो सोडवला, लड माझ्या हातावर नीट बसवली आणि परत जाऊन बसली.

२६ मार्च

आली.

बालम्माचा हात धरून, केसाला तेल, धुतलेला परकर. दुसऱ्या रांगेत आपल्या जागेवर उभी राहिली. मला एवढं बरं वाटलं की टाचणातलं पहिलं वाक्यच विसरले.

मोठ्या बाई, परीक्षक बाई, मागं सगळ्या जणी. ऊन समोरून. "सूर्य उगवतो ती दिशा कोणती?" पुष्कळ हात वर झाले. तिचा नाही. पुढचा प्रश्न, नाही. त्याच्या पुढचा, नाही. दोन्ही हातांनी परकर धरून उभी, सांगितलं तिकडं तोंड फिरवत होती. सगळ्यांबरोबर, बरोबर.

मग मी टाचणात नसलेलं विचारलं. "नरसू, तुमच्या घरी पूर्वेला काय म्हणतात?"

परीक्षक बाईंनी मान वर केली. वर्ग वळला. मी वाट पाहिली. हसतील तर हसू देत, वर्ग उधळला तर उधळू दे, असं त्या वेळी मनात होतं, ते खोटं नव्हतं.

तिनं आपल्या पायाकडं पाहिलं. बोलली नाही.

मीच म्हटलं, "तूर्पु. नरसूच्या घरी तूर्पु म्हणतात." कुणी हसलं नाही. पाठ पुढं गेला. पार पडला.

परीक्षक बाईंचा शेरा: वर्गाची शिस्त उत्तम.

मोठ्या बाईंनी तो मला वाचून दाखवला आणि कागद उलटा ठेवला. "पास झालात," म्हणाल्या. आणखी काही म्हणतील म्हणून मी उभी राहिले. म्हणाल्या नाहीत.

खोलीत वत्सलानं विचारलं, "बोलली का गं ती?" म्हटलं, न्हाय.

तिनं माझा शब्द सुधारला नाही.

५ एप्रिल

निकाल लागला. वरचा वर्ग नाही, पण पास. जूनपासून याच सरावशाळेत पहिलीवर नेमणूक करायची का, असं मोठ्या बाईंनी विचारलं. तसं नको असेल तर करकंबजवळही जागा आहे म्हणाल्या. मी उद्या सांगते म्हटलं. आप्पांना आनंद होईल कुठंही. दादालाही, माझं ओझं टळलं म्हणून.

तोवर पहिलीचा वर्ग मीच पाहते. नरसम्मा रोज येते. पाटीवर अक्षर वळणदार काढते. विचारलं तर मान हलवते, खुणेनं सांगते. शाळेनं घडवलेली मुलगी कशी असावी तर अशी, असं परवा एक बाई येऊन म्हणून गेल्या.

आज दुपारी पाट्या वाटत होते. मागं कुजबुज झाली. बालम्मा काहीतरी म्हणाली आणि नरसम्मा तिला तेलुगूत भराभर सांगायला लागली. कसलीशी गोष्ट. मधे हसली. तो आवाज मी महिन्याच्या वर ऐकला नव्हता. मी चटकन वळले.

ती थांबली. ओठ मिटले. हात पाटीवर.

मी परत फळ्याकडं वळले. खडू घेतला. लिहायचं काहीच नव्हतं. तशीच उभी राहिले, पाठ त्यांच्याकडं करून, त्या पुन्हा बोलतील म्हणून.